फडताळातला खर्ज

संगीत नाटकातील पदांची भाषा शिकवायची तर पदे वर्गात ऐकवलीच पाहिजेत, असा आग्रह धरून आम्ही दोघांनी मराठी विभागासाठी स्पीकरची एक जोडी मंजूर करून घेतली. रक्कम बेताची होती. दुकानात तेवढ्यात बसणाऱ्या दोन जोड्या लागोपाठ ऐकल्या. पहिली मवाळ वाटली, दुसरी भरदार. अर्थातच दुसरी घेतली. कॉलेजात आणून ती पुस्तकांच्या लोखंडी कपाटात, बांधीव अंकांच्या दोन चळतींमध्ये, अगदी आत सरकवून ठेवली आणि बालगंधर्वांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. दोन मिनिटांनी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, शब्द कोणते आहेत?" शब्द नव्हतेच. खाली एक घुमारा, वर 'स'-'श'चे शीळ घातल्यासारखे उच्चार आणि या दोहोंच्या मध्ये, जिथे गायक असायचा तिथे, पोकळी.

दुकानदाराने आम्हांला फसवले असे म्हणता येणार नाही. फसलो ते आमच्या कानांनी. पण कान फसतात कसे, हे शोधता शोधता आम्ही ज्या इतिहासात शिरलो तो वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनाही रोचक वाटावा असा आहे. मूळ आणि प्रत, निष्ठा आणि परिणाम, हे प्रश्न भाषांतराच्या चर्चेत आपण नेहमीच घोळवतो. ते येथे लाकडाच्या एका छोट्या खोक्यात कोंबलेले दिसतात.

आरंभ खोक्याआधीपासून करायला हवा. 1925 पूर्वीच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गायकाने कर्ण्यात गायचे, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरणार, सुई मेणात रेघ ओढणार. या पद्धतीत साधारण 170 ते 2000 हर्ट्झ एवढाच पट्टा उतरत असे. ऐकणाऱ्याच्या घरी पुन्हा कर्णाच. स्पीकरचा प्रश्नच नव्हता. तरीही 'मूळ आणि प्रत यांत फरक नाही' हा दावा तेव्हापासूनचाच. एडिसनच्या कंपनीने 1915 पासून जाहीर 'स्वर-चाचण्या' भरवल्या: रंगमंचावर गायिका आणि यंत्र, मधूनच दिवे मालवायचे आणि कोण गात आहे ते श्रोत्यांनी ओळखायचे. श्रोते चकत. या चाचण्यांत गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी पुढे सांगितल्याचे नोंदले गेले आहे की, त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत असत. म्हणजे प्रतीने मुळाची नक्कल करावी ही अपेक्षा, आणि प्रत्यक्षात मूळच प्रतीबरहुकूम गात होते! भाषांतराच्या इतिहासातही अशी उदाहरणे सापडतील; असो.

1925 साली दोन गोष्टी घडल्या. ध्वनिमुद्रण विजेवर आले, आणि जनरल इलेक्ट्रिकचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू आणि तारेचे वेटोळे यांवर चालणाऱ्या स्पीकरची मांडणी प्रसिद्ध केली. आज आपल्या घरातील बहुतेक स्पीकर याच कुळातले आहेत. चुंबकाच्या फटीत वेटोळे, वेटोळ्याला शंकू; वीज बदलेल तसे वेटोळे पुढे-मागे होते आणि शंकू हवा ढकलतो. पण शंकू पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची विरळ करतो. दोन्ही लाटा कडेवरून एकमेकींना भेटल्या की खर्ज नाहीसा होतो. त्यांना वेगळे ठेवायला फळी हवी, किंवा पेटी. आणि पेटी लहान असेल तर आत कोंडलेली हवा शंकूला उलट रेटते, शंकू ताठरतो, खर्ज पुन्हा जातो. त्यामुळे 1940 च्या दशकात ज्याला घरी खरा खर्ज हवा त्याला कपाटाएवढे धूड पदरी बाळगावे लागे. पॉल क्लिप्श यांनी 1946 मध्ये बाजारात आणलेला कोपऱ्यातला कर्णा हे त्याचे सर्वांत देखणे उदाहरण. खोलीच्या दोन भिंतीच त्या कर्ण्याचा पुढचा भाग होतात. थोडक्या विजेवर तो घर दणाणून सोडतो. मात्र त्यासाठी घराला तसा रिकामा कोपरा असावा लागतो.

या कोंडीतून वाट काढणारा माणूस मास्तर होता, याचे आम्हांला विशेष कौतुक वाटते. एडगर विल्चर यांचे औपचारिक शिक्षण कलेतिहासाचे. इलेक्ट्रॉनिक्स ते दुसऱ्या महायुद्धात सैन्यात शिकले. युद्धानंतर न्यूयॉर्क विद्यापीठात ते ध्वनी-पुनरुत्पादनावर वर्ग घेत. त्यांची युक्ती सांगायला सोपी आहे. शंकूला जाग्यावर परत आणणारी स्प्रिंग म्हणजे त्याची कडा. ती ताठ असते आणि जास्त ताणली की वेडीवाकडी वागते. पेटीतली हवाही स्प्रिंगच, पण कितीतरी सरळ वागणारी. मग कडा जवळजवळ सैलच सोडली आणि स्प्रिंगचे काम हवेवर सोपवले तर? आजवर जी हवा शत्रू होती तीच कामाला लागेल, आणि तिने नीट काम करावे म्हणून पेटी लहानच असावी लागेल. पहिल्या नमुन्याची सैल कडा गादीच्या खोळीच्या कापडाची होती. ती बेतण्यात विल्चर यांच्या पत्नी रोझमेरी यांचा हात होता.

वर्गातला एक विद्यार्थी, हेन्री क्लॉस, या कल्पनेने झपाटला आणि 1954 मध्ये मास्तर-विद्यार्थ्यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. त्यांचा पहिला स्पीकर एआर-1 साधारण 64 सेंटिमीटर लांब, 36 रुंद आणि 29 खोल होता. म्हणजे आजच्या मानाने अगडबंबच. त्याच मापाच्या, 1958 च्या सुमारास आलेल्या एआर-3 चे वजन चोवीस किलोच्या घरात. 'बुकशेल्फ' म्हटले तरी ते शेल्फ भक्कम सागवानी असायला हवे! तरीही कपाटाच्या जागी पुस्तकांच्या मांडणीवर मावेल असे काही आले, हीच क्रांती होती. स्वस्तपणा आला तो 1957 च्या एआर-2 ने. तो शंभर डॉलरच्या आत मिळे. एआर-1 ची किंमत 185 डॉलर होती.

पाठोपाठ 1958 मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. आता प्रत्येक घराला एकाऐवजी दोन स्पीकर लागणार होते. एक कपाट बैठकीत कसेबसे सहन होते. दोन कपाटे कोण घेणार? छोट्या पेटीचा विजय केवळ आवाजाच्या गुणांवर झाला असे समजणे भाबडेपणाचे होईल. बैठकीच्या खोलीची लांबी-रुंदीही त्या विजयात सामील होती. 1966 पर्यंत अमेरिकेतील स्पीकरच्या बाजारपेठेचा जवळजवळ तिसरा हिस्सा या एका कंपनीकडे होता.

विल्चर यांचे एकस्व 1956 मध्ये मंजूर झाले होते. प्रतिस्पर्धी कंपनीने त्याला आव्हान दिले, पूर्वीच्या संशोधनाचा दाखला निघाला आणि 1960 च्या दशकाच्या आरंभी न्यायालयाने ते रद्द ठरवले. विल्चर यांनी अपील केले नाही. पद्धत सर्वांना खुली झाली आणि तशा पेट्यांचे पीक आले. 1967 मध्ये कंपनी विकून ते श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले आणि तिथले आपले महत्त्वाचे काम त्यांनी एकस्व न घेताच लोकांपुढे ठेवले. 'परवडणारा स्पीकर' या शब्दप्रयोगामागे कारखानदारीइतकीच ही वृत्तीही आहे.

पण हवेकडून काम करून घेतले तरी हवा फुकट राबत नाही. क्लॉस 1957 मध्ये विल्चर यांच्यापासून वेगळे झाले आणि दोन भागीदारांसह त्यांनी केएलएच ही कंपनी काढली. त्यांतील 'एच' म्हणजे जे. अँटन हॉफमन, विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा 'पोलादी नियम' असा: छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणतेही दोनच मागा. तिसरे मिळणार नाही. हिशेब निष्ठुर आहे. तेवढ्याच विजेत तेवढाच आवाज हवा असेल आणि खर्ज एक सप्तक खाली न्यायचा असेल, तर पेटी आठपट मोठी करावी लागते. विल्चर यांनी खर्ज आणि लहान आकार घेतला, आवाजाचा मोठेपणा सोडला. त्या सुमारास अ‍ॅम्प्लिफायर बलवान होत गेले म्हणून ते निभावले. क्लिप्श यांनी आकार सोडला. आमच्या मते स्वस्त स्पीकरांची तुलना करताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: करणाऱ्याने काय सोडले? 'काहीच सोडले नाही' असे जो सांगतो त्याने बहुधा प्रामाणिकपणा सोडलेला असतो.

काय सोडावे, याचा सर्वांत शहाणा निर्णय आम्हांला बीबीसीच्या एका पेटीत दिसतो. 1970 च्या दशकाच्या आरंभी बीबीसीच्या संशोधन विभागात स्टुडिओंच्या लहान प्रतिकृती करून त्यांत संगीत वाजवून पाहण्याचे प्रयोग चालू होते. त्यासाठी एक चिमुकला स्पीकर घडवला गेला. बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतही दाटीवाटीच्या जागेत नीट ऐकू येईल असा स्पीकर हवाच होता. यातून एलएस3/5ए जन्मला. उंची सुमारे तीस सेंटिमीटर, रुंदी एकोणीस, खोली सोळा. दोन जाड शब्दकोश एकत्र बांधल्याएवढा. हारवूड, व्हॅटन आणि मिल्स यांनी त्याच्या रचनेचा अहवाल 1976 मध्ये लिहिला. तो वाचताना गद्याच्या संयमाचेही दर्शन घडते.

या पेटीने खोल खर्ज सोडला आणि मोठा आवाजही सोडला. वाचवला तो मधला पट्टा, म्हणजे माणसाचा आवाज. बातम्या सांगणाऱ्याचा कंठ कंठासारखा वाटावा, ही कसोटी. त्यात एक लहानशी चलाखीही आहे. शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास आवाजाला किंचित फुगवटा दिलेला आहे, आणि त्याखाली तो उतरत जातो. ऐकणाऱ्याला वाटते, खर्ज आहे. येथे आपला कानही कटात सामील असतो. काळी एकच्या षड्जाला, म्हणजे साधारण 139 हर्ट्झला, तंबोरा लावला तर खर्जाची तार 69 हर्ट्झवर बोलते. लहान पेटीतून हे 69 अगदी क्षीण येतात. पण तारेतून त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपटही निघत असतात; ते पेटीतून नीट येतात आणि त्यांच्यावरून कान मुळाचा अंदाज बांधतो. खर्ज हा काही प्रमाणात ऐकणारा स्वतः भरतो. आस्वादात वाचकाच्या सहभागाविषयी आपण पानेच्या पाने लिहितो. येथे तो हर्ट्झमध्ये मोजता येतो. डग्ग्याचा घुमारा किंवा पखवाजाची थाप मात्र अशा अंदाजावर पूर्ण भागत नाही. तिथे हवा खरोखर हलावी लागते.

आपल्याकडे हा इतिहास उशिरा आणि तुटक पोहोचला. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रणापासून तबकड्या घराघरांत गेल्या खऱ्या, पण मध्यमवर्गीय घरात स्पीकर हा स्वतंत्र पदार्थ नव्हता. तो रेडिओच्या लाकडी पेटीतला जाळीमागचा भाग होता, किंवा रेकॉर्ड प्लेयरच्या अंगात दडलेला. आमच्या लहानपणी 'स्पीकर' म्हणजे गणपतीच्या मांडवातला. 1970 मध्ये कलकत्त्याची सोनोडाइन सुरू झाली, मुंबईच्या कॉस्मिकचेही नाव होते. पण त्या जोड्या बहुतेक घरांना स्वप्नवतच. 1991 नंतर परदेशी नावे सुलभ झाली तेव्हा आपल्यापाशी निवड आली, निवडीची परंपरा मात्र नव्हती. आम्ही दुकानात भरदार जोडीला भुललो यात नवल ते काय!

तुलना कशी करावी याचाही इतिहास आहे, आणि तो पेटीच्या इतिहासापेक्षा अधिक डोळे उघडणारा आहे. विल्चर यांच्या कंपनीने 1959 पासून फाइन आर्ट्स चौकडीला रंगमंचावर बसवून जाहीर प्रयोग केले. वादक मध्येच तारांवरून गज उचलत आणि वाजवण्याचा आविर्भाव तेवढा चालू ठेवत. ध्वनिफीत सुरू होई. श्रोत्यांना बदलाचा क्षण पकडता येत नसे. इंग्लंडात व्हार्फडेलचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी 1954 मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये असाच घाट घातला होता. हे एडिसनच्याच खेळाचे सुधारलेले रूप. आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती कंपनीची दुसरी प्रथा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात आणि केंब्रिजच्या हार्वर्ड चौकात तिने श्रवणकक्ष उघडले होते. तिथे येऊन हवे तेवढे ऐकावे. काहीही विकत मिळत नसे.

पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून, आवाजाची पातळी काटेकोर समान करून चाचण्या घेतल्या. त्यांचे निबंध 1985-86 मध्ये आले. नाव दिसेनासे झाले की ऐकणाऱ्यांची मते आश्चर्यकारकरीत्या एकमेकांजवळ येतात, आणि पसंती बहुधा त्यांनाच मिळते जे पट्ट्याचा कोणताही भाग फुगवत वा दाबत नाहीत. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये हीच चाचणी एकदा पडद्याआड आणि एकदा उघड घेतली. ऐकणारी चाळीस माणसे ऑडिओ उद्योगातलीच होती. डोळे उघडताच गुण बदलले. लेखकाचे नाव झाकून कविता वाचायला देणाऱ्या आय. ए. रिचर्ड्स यांची आठवण येथे कोणाही वाङ्मयाच्या शिक्षकाला होईल.

समान पातळीचा मुद्दा आम्हांला सर्वांत बोचला. दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तो कानाला 'चांगला' वाटतो. 'मोठा' वाटत नाही, ही खरी मेख. 88 डेसिबल संवेदनशीलतेच्या जोडीशेजारी 83 डेसिबलची ठेवून बटण न हलवता ऐकली, तर दुसरी आपोआप मवाळ ठरते. तिला पहिलीइतका आवाज काढायला तिपटीहून अधिक वीज द्यावी लागते. दुकानात बटण कोणीही हलवले नव्हते. आम्हीही नाही.

म्हणून पुन्हा चाचणी करायचे ठरवले. दुकानदाराने सौजन्याने पहिली जोडी आठ दिवसांसाठी दिली. स्थिर खरखर वाजवून, मोबाइलवरच्या मापकाने दोन्हींची पातळी जुळवली. स्नेहसंमेलनातला एक पातळ पडदा मध्ये टांगला आणि एम.ए.च्या मुलांना बसवले. त्याआधी एक चूक सुधारली, ती आमची स्वतःची होती. आमच्या जोडीला मागच्या बाजूस हवेचे भोक होते आणि आम्ही ती कपाटाच्या पाठीला टेकवून ठेवली होती! तीन बाजूंनी पत्रा असताना खर्ज फुगणारच. 'बुकशेल्फ' हे नाव बंद पेटीच्या काळातले. आजच्या बहुतेक स्वस्त पेट्या बंद नसतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी भोकाच्या पेटीचे गणित मांडल्यावर ती अंदाजाऐवजी हिशेबाने बेतता येऊ लागली आणि लहान स्वस्त स्पीकरांचा खर्ज सुधारला. पण अशा पेटीला मागे मोकळी हवा लागते. एलएस3/5ए तर बंद पेटी असूनही भिंतीपासून दूर, उंच स्टँडवर शोभते. पुस्तकांच्या फडताळात ठेवायचे म्हणून घेतलेली वस्तू फडताळातून बाहेर काढल्यावरच नीट बोलते, ही गंमत आम्हांला पदरच्या पैशाने कळली.

बाहेर काढल्यावर आमची जोडी पुष्कळ सुधारली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. 'स'ची शीळ मात्र तशीच राहिली. बालगंधर्व, हिराबाई आणि एक काव्यवाचन, या तिन्हींना पडद्याआडून कौल मिळाला तो मवाळ जोडीला. जुन्या तबकड्यांत साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली उतरलेले फारसे काही नसतेच. असते ती तबकडीची गुरगुर. जी पेटी तिथे पोहोचत नाही तिचे काहीच बिघडत नाही. मग आम्ही अलीकडच्या मुद्रणातले पखवाजवादन लावले आणि कौल फिरला. भरदार जोडीत थाप होती; मवाळ जोडीत थापेची बातमी होती.

स्वस्तपणाविषयी एक नोंद राहिली. अँड्र्यू जोन्स या अभियंत्याने टॅडसाठी मोटारीच्या किमतीचे स्पीकर घडवले आणि 2012 च्या सुमारास पायोनियरसाठी सुमारे 130 डॉलरची छोटी जोडीही घडवली. दुसऱ्या कामात आपल्याला कमी आनंद मिळाला असे त्या जोडीकडे पाहून वाटत नाही. याउलट यामाहाची एनएस-10. 1978 मध्ये ती घरगुती बुकशेल्फ म्हणून आली आणि घरात फारशी रुजली नाही. ध्वनिमुद्रकांनी मात्र ती उचलली, कारण तिच्यात मुद्रणाचे दोष लपत नसत. तिचे तार स्वर इतके टोचत की ट्वीटरवर पातळ टिश्यू कागद चिकटवण्याची प्रथा पडली. 2001 पर्यंत ती निघत होती. घराने नाकारलेल्या त्या पेटीवर तोलली गेलेली किती गाणी आपण घरी प्रेमाने ऐकत असू!

मवाळ जोडी अखेर विभागाने ठेवून घेतली. फरकाची रक्कम आम्ही दोघांनी भरली. भरदार जोडी आमच्यापैकी एकाच्या घरी गेली, कारण त्याला पखवाजाशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्याला हा सौदा अजून पटलेला नाही. विभागातली जोडी आता कपाटाबाहेर, दोन स्टुलांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर असते. दर सोमवारी झाडणारे काका ती नीटनेटकेपणाने पुन्हा भिंतीला लावून ठेवतात, आणि तासाआधी आम्ही ती पुढे ओढतो.